गोडाची तलफ: मॅग्नेशियम, कोकेन आणि गुळाचा खडा

सध्या फिरणारा मेसेज असा: 'गोड खावंसं वाटतं म्हणजे शरीरात मॅग्नेशियम कमी. साखर कोकेनपेक्षा व्यसनी. साखर सोडा, गूळ-खजूर हवे तेवढे खा. तलफ आली की दोन ग्लास पाणी प्या.'

आधी मॅग्नेशियम. शरीर खरोखर तेच मागत असतं तर हात पेढ्याकडे कशाला गेला असता, तिळाच्या डब्याकडे गेला असता. 10 ग्रॅम तिळात सुमारे 35 मिलिग्रॅम असतं, साखरेत जवळपास शून्य. कमतरतेशी जोडलेली एक ओढ खरी आहे, पण ती माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ यांची, आणि तिथे बहुधा लोह कमी असतं. तसं होत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या.

चारच्या सुमारास हात बिस्किटाच्या पुड्यात जातो त्याचं कारण बरेचदा सकाळपासूनच्या ताटात असतं: चहा-खारी, मग भात आणि नुसतं पातळ वरण. दुपारी वाटीभर घट्ट मटकीची उसळ घ्या. चार वाजायच्या आधी 30 ग्रॅम फुटाणे खा, त्यातून 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. भूक लागून गेल्यावर फुटाणे काढले तर फुटाणेही संपतात आणि बिस्किटंही. अपुऱ्या झोपेनेही ही ओढ वाढते.

कोकेनची तुलना उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. त्यातल्या 2007च्या गाजलेल्या फ्रेंच प्रयोगात बहुतेक उंदरांनी कोकेन सोडून गोड पाणी निवडलं खरं, पण त्या पाण्यात मुख्यतः सॅकरिन, म्हणजे कृत्रिम गोडी होती. म्हणजे साखरेवरचा आरोप बिनसाखरेच्या पाण्यावरून!

आता गूळ. त्यात बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच. लोह थोडं असतं, पण त्यासाठी गूळ 'हवा तेवढा' खाणं महागात पडेल. जागतिक आरोग्य संघटनेची 2015ची शिफारस वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस सगळं एकत्र मोजते: 2000 कॅलरींच्या आहारात 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25. सपाट चमचा 4 ग्रॅमचा. कपाला दोन चमचे, दिवसाला तीन कप, की 24 ग्रॅम चहातच गेले. गुळाचा चहा केला तरी हिशेब जवळपास तोच. अख्ख्या खजुरात चोथा असतो, दोन-तीन चालतील; वाटीभर नाही.

चहातली साखर दोनवरून दीड चमचा करा, आठ-दहा दिवस तिथेच थांबा, मग एक. चमचा तोच ठेवा आणि वर सपाट करा; शीग लावलेल्या चमच्यात दीडपट साखर सहज मावते. एकदम बंद केली की चहा बेचव लागतो आणि त्याची भरपाई बिस्किटांतून होते.

पाण्याचा सल्ला एरवी निरुपद्रवी, पण मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांना धोक्याचा. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो आणि गोड हवंसं वाटतं, ती रक्तातली साखर फार उतरल्याची खूण असू शकते; ही तलफ दाबायची नाही. ग्लुकोमीटरवर 70च्या खाली आकडा असेल, किंवा मीटरच जवळ नसेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा चार सपाट चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावं, आकडा 70च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा घ्यावं. चॉकलेट किंवा पेढा नको, स्निग्धांशामुळे उशीर होतो. सोबत व्होग्लिबोज ही मधुमेहाची दुसरी गोळी चालू असेल तर ग्लुकोजच घ्यावं, कारण त्या गोळीमुळे साखर आतड्यात लवकर फुटत नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.