मागचं कापड

छत्री तयार आहे. खेकडा तयार आहे, नांग्यांना बारीक टाके घालून झालेत. होडी आणि लाल बादली कडा दुमडून डब्यात पडून आहेत. अडलंय ते फक्त मागच्या कापडावाचून.

समुद्रकिनाऱ्याचं कापडचित्र म्हटलं की लोक म्हणतात, त्यात काय एवढं? वर निळं, मधे निळं, खाली पिवळं. दुसऱ्या कुणी करायला घेतलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण वरचं निळं आणि मधलं निळं शेजारी आलं की दोघं अशी गळ्यात गळे घालतात, की होडी थेट आकाशात.

पार्श्वभूमीचं काम असं, की हजर तर राहायचं, पण पुढे पुढे करायचं नाही. माझ्या कपाटातल्या एकाही कापडाला हे वळण नाही. मोरपंखी बाटिक लावलं, तर ते इतकं देखणं की खेकडा कुठे गेला ते शोधावं लागलं. शिंपल्यांच्या छपाईचं कापड लावलं, तर एकेक शिंपला होडीपेक्षा मोठा. वैतागून साधं एकरंगी फिकट निळं लावलं. समुद्र राहिला बाजूला, शाळेचा गणवेश भिंतीला टांगल्यासारखा दिसला.

जाणकार सांगतात, रंग विसरा, गडद-फिकट बघा. डोळे किलकिले करा, नाहीतर कृष्णधवल फोटो काढा. काढला. आकाश, पाणी, वाळू, तिन्ही एकाच राखाडी रंगाची! इतकी वर्षं हौसेनं, घरच्यांपासून लपवून जमवलेला तो सगळा साठा म्हणजे एकच कापड होतं तर.

मग खऱ्या समुद्राचे फोटो काढून बसले. ही घोडचूक. निरभ्र दिवसाचं आकाश डोक्यावर गडद असतं आणि क्षितिजाकडे फिकं होत जातं. समुद्राचं बरोबर उलटं: लांबवर गडद, आणि काठाशी पाणी उथळ, तळाची वाळू दिसते म्हणून फिकट, हिरवट. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद. झालं, तीन कापडांत भागणारं प्रकरण सहांवर गेलं. निसर्गाला काय, त्याला शिवायचं नसतं.

त्यात क्षितिज. ते बरोबर मध्यावर घेतलं की चित्राचे दोन तुकडे पडतात, म्हणून वर तरी न्यायचं नाहीतर खाली तरी. आणि पट्टीनं आखल्यासारखं सरळ हवं. लाटा वाकड्या चालतात, क्षितिज चालत नाही.

"अगं, डावीकडून समुद्र सांडतोय," यांनी जाता जाता सांगितलं. पुढे, कौतुक करायला हवं असं आठवून, "ती मोठी लाट मात्र झकास जमलीय."

ती लाट नव्हती. इस्त्री न फिरलेली घडी होती.

शेवटी प्रश्न सोडवला पंख्यानं. मांडणी बघायला भिंतीवर लावलेल्या फ्लॅनेलला कापडं टाका न घालता नुसती चिकटवून ठेवली होती, वाऱ्यानं त्यातलं एक पडलं आणि पालथं झालं. बघते तर त्याची उलटी बाजू! तेच निळं, पण धुकं मधे आल्यासारखं, दबलेलं, निमूट. हेच तर हवं होतं. बाटिकला ही युक्ती लागू नाही, त्याचा रंग आरपार गेलेला असतो. छापील सुती कापडाची मात्र प्रत्येक उलटी बाजू मी त्या दुपारी तपासली. यांचे दोन शर्टही तपासले. त्यातल्या एकाच्या आत अप्रतिम ओली वाळू आहे, पण तो विषय सध्या घरात काढायचा नाही असं ठरलंय.

बाकीचं पटकन झालं. फेसाला पांढरी नेट. पाण्यावर धावदोऱ्याच्या ओळी, क्षितिजापाशी दाट, काठाकडे विरळ. वर छत्री, होडी, खेकडा.

मैत्रिणी बघायला आल्या. खेकड्याला हात लावून झाला, छत्रीच्या झालरीचे फोटो झाले. मागच्या कापडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे ते उत्तम जमलं होतं. मी समाधानानं हसले, आणि त्या चपला घालायला लागल्या तेव्हा एकीचा दंड धरून तिला परत भिंतीसमोर उभी केली.

"खेकडा सोड," म्हटलं. "मागे बघ. मागे!"