मिरजेची गीता आणि चिपचा मेसेज

"1805 ला मिरजेत लिथोग्राफीने गीता छापली, म्हणजे चिप बनवायचं तंत्र मूळचं आपल्या सांगली जिल्ह्यातलं" असा मेसेज फिरतोय, परवा मीच पुढं ढकलला, चुकलं माझं. गीता छापली हे खरंय, काम भारीच, पण ती तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून. लिथोग्राफी म्हणजे दगडावरून छपाई, ती 1796 ची, जर्मनीतल्या सेनेफेल्डरची, तिच्यात कोरायचं नसतंच, चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट शाईने उलटं लिहायचं, दगड ओला करायचा अन् रोलर फिरवला की शाई फक्त लिहिल्या जागी धरते (आजोबांच्या प्रेसमधला असला दगड आमच्या परड्यात आहे, आई त्यावर कपडे आपटते). मोबाईल-कॉम्प्युटरच्या चिपला दगड नाही, शाई नाही, सिलिकॉनवर लेप देऊन प्रकाशाने नक्षी उमटवतात, त्यालाही लिथोग्राफीच म्हणतात, नाव तेवढं जुनं राहिलं. तो मेसेज आता पुढं पाठवू नका, पाठवला असंल तर खाली हे टाका.