एकास सत्त्याऐंशी

एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात, छोट्या मॉडेल रेल्वेचं गाव वसवायचं म्हणजे जगातली प्रत्येक वस्तू ८७ने भागायची. पावणेसहा फुटी माणूस २० मिलिमीटरचा होतो, सात फुटी दार २४ मिलिमीटरचं. इथपर्यंत चौथीतलं पोरही जमवेल. पंचाईत अशी की माझा अंगठा ८७ने भागला जात नाही. तो २० मिलिमीटर रुंद, म्हणजे त्या गावातला धडधाकट इसम जेवढा उंच तेवढा. आणि याच अंगठ्याने मला स्टेशनमास्तरांना फलाटावर उभं करायचं असतं. चिमट्यात धरावं तर मास्तर टुणकन उडतात आणि टेबलाखाली बेपत्ता होतात.

डिंक, उजेड, पाणी, धूळ यांनाही या मापाची वर्दी कुणी दिलेली नाही. गाव बिघडतं ते इथेच.

जागेचा हिशेब आधी. २४० बाय १२० सेंटिमीटरचं टेबल पाहून ‘अख्खं शहर मावेल’ असं वाटतं. भरतं ते २०९ बाय १०४ मीटर. साडेतेवीस मीटरचा प्रवासी डबा इथे २७ सेंटिमीटरचा होतो, तेव्हा बारा डब्यांची गाडी टेबलापेक्षा लांब. मग गाडी चार डब्यांची, बाजार सहा दुकानांचा, आणि चार मजली इमारत तीन मजल्यांची करून खिडक्या मात्र मूळ मापाच्याच ठेवायच्या. दारं-खिडक्या मापात असल्या की मजला चोरल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. बिल्डर लोकांना हे कळू नये एवढंच.

रस्ता टेबलाच्या कडेला समांतर आखला की गाव फरशीच्या दुकानासारखं दिसतं. दहा-पंधरा अंश तिरका घ्या. तो मागच्या पडद्यावरच्या आकाशात जाऊन धडकू नये म्हणून शेवटी वळवून एखाद्या गोदामाआड लपवा. इमारती आधी बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या करून आठवडाभर तशाच ठेवाव्यात. पुठ्ठ्याचं पोस्ट ऑफिस हलवायला हरकत नसते. रंगवून, दिवा लावून चिकटवलेलं पोस्ट ऑफिस चुकीच्या जागी आहे हे कळलं की माणूस त्याचं समर्थन करू लागतो.

वळणावरच्या फलाटाची तर वेगळीच तऱ्हा. लांब डब्याचं पोट वळणाच्या आतल्या बाजूला येतं आणि टोकं बाहेरच्या. सरळ रुळावर मोजून फलाट चिकटवला, तर पहिलीच गाडी फलाटावरची माणसं ओळीने झोपवत जाते. सगळ्यात लांब डबा घ्यावा, एक पेन्सिल मध्यभागी आणि एक कोपऱ्याला टेपने बांधावी, आणि डबा हाताने वळणावरून न्यावा. कागदावर ज्या रेषा उमटतील त्यांच्या दोन मिलिमीटर बाहेर गावाची हद्द.

आता डिंक. रुळांतली खडी पांढऱ्या डिंकात तेवढंच पाणी घालून बसवतात, हे खरं. पण ते मिश्रण कोरड्या खडीवर सोडलं की थेंब पाऱ्यासारखा गोळा होऊन राहतो आणि खडी अंगाला माखून घरंगळत जातो. मागे उल्का पडल्यासारखा खड्डा. पाण्याच्या पृष्ठताणाला एकास सत्त्याऐंशी माहीत नाही. म्हणून आधी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घालून खडीवर बारीक फवारा मारायचा, ती ओलीचिंब झाली की मग ड्रॉपरने डिंक. गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी मात्र हात आखडता. तिथे डिंक शिरला की सांधा कायमचा एकाच बाजूचा होतो आणि सगळ्या गाड्या यार्डात जातात.

झटपट डिंक, म्हणजे सुपरग्लू, खिडक्यांजवळ नेऊ नये. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बसते आणि त्या घरात बारमाही धुकं पडतं. फोमच्या डोंगराला सॉल्व्हंटचा डिंक लावला तर डोंगर आतून विरघळतो. वरून काहीच दिसत नाही. बोगदा खोदल्याचं गाडी पडल्यावर समजतं.

उजेडाचं तसंच. प्लॅस्टिकच्या घरात एलईडी लावली की खिडक्यांच्या आधी भिंती उजळतात. अख्खं घर आकाशकंदील. त्यासाठी भिंती आतून आधी काळ्या, मग वरून पांढऱ्या रंगवायच्या. छपराखालची अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे तिथली जवळपास साडेचार सेंटिमीटरची. ती काळ्या पट्टीने बुजवायची. १२ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला ४७० ओहमचा रोध (रेझिस्टर) पुरतो, पण तेवढ्याने शिंप्याच्या दुकानात क्रिकेटचा सामना चालू असल्यासारखं वाटतं. एक किलोओहम लावा, तरी डोळ्यांवर आलं तर आणखी वाढवा. आणि छप्पर चिकटवू नका. दिवा जायचा तो छप्पर चिकटवल्यावरच.

माणसं विकत घेताना धावणारी घेऊ नयेत. गाडी पकडायला निघालेला गृहस्थ, एक पाय हवेत, वर्षानुवर्षं तसाच; चौथ्या दिवसापासून आपल्यालाच धाप लागते. टेकलेली, बसलेली, खांबापाशी गप्पा मारणारी माणसं बघवतात. त्यांचे डोळे रंगवायच्या फंदात पडू नका. दोन दशांश मिलिमीटरचा ठिपकाही तिथे १७ मिलिमीटरचा होतो, आणि सगळा गाव भूत पाहिल्यासारखा बघू लागतो. तळव्याला अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून तारेचा तुकडा बसवला की माणूस उभा राहतो. नुसत्या डिंकावर भरवसा ठेवलेला पहिल्या कंपनाला आडवा.

नदीत खरं पाणी घालण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ते काठाला चिकटून वर चढतं आणि चहाच्या बशीत सांडल्यासारखं दिसतं. दोन भागांचं रेझिन तीन-तीन मिलिमीटरच्या थरांत ओतायचं, प्रत्येक थर पूर्ण घट्ट झाल्यावर पुढचा, आणि नदीची दोन्ही टोकं आधी नीट बंद करायची. रेझिनला टेबलाखालच्या वायरिंगचा रस्ता बरोबर माहीत असतो.

मांजर हा स्वतंत्र विषय. पाव मीटर उंचीची मनी त्या गावात सात मजली असते आणि तिला झोपायला बाजारपेठच आवडते.

उरली धूळ. तिचा कण मुठीएवढा दिसतो, आणि पडलेला केस दोरखंडासारखा चौकात पसरतो. छपरं मऊ ब्रशने झाडावीत. रस्त्यांसाठी व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला पातळ मोजा ताणून बांधावा, म्हणजे सुटलेली मंडळी मशीनच्या पोटात जात नाहीत. काम झालं की मोजा पांढऱ्या कागदावर उलटा करायचा. एक सायकल, दोन खुर्च्या, कुणाचीतरी टोपी. अन् हे काय, स्टेशनमास्तर!