काय लागतं ते नीट लिहा ना, बाबांनो!

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. बॅग भरलेली, बायकोला 'निघालोच' असा मेसेजही टाकलेला. आणि बिल्ड लाल, म्हणजे आमच्या पायथन अ‍ॅपची सर्व्हरवरची जुळणी-तपासणी नापास. बदल कशाचा होता? बटणावरच्या एका शब्दाचं स्पेलिंग!

एरर काय, तर 'पायविन32'ची 306 आवृत्ती सापडत नाही. सापडणार कशी? ते विंडोजशी बोलायचं पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) आणि आमचा सर्व्हर लिनक्स. ती ओळ काढली तर पुढची बोंब. एका पॅकेजच्या नावापुढे चक्क कुणाच्या तरी सी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता!

उलगडा झाला. दुपारी टीममधल्या एका महाशयांनी आपल्या लॅपटॉपवर 'पिप फ्रीझ' मारलं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं टूल, फ्रीझ म्हणजे बसलेल्या सगळ्यांची यादी) आणि जे पडलं ते जसंच्या तसं रिक्वायरमेंट्सच्या, म्हणजे अ‍ॅपला काय लागतं त्या यादीच्या, फाइलीत ओतलं. 143 ओळी. आमचा कोड इंपोर्ट करतो, म्हणजे वापरायला घेतो, मोजून नऊ पॅकेजं. त्या 143 ओळींत वहीसारखं कोड लिहायचं ज्युपिटर आहे, गेम बनवायचं पायगेम आहे. (पायगेम? आपण जीएसटीची बिलं छापतो रे!) अरे, फ्रीझ म्हणजे घराचा पंचनामा. कपाटात, माळ्यावर, पलंगाखाली जे सापडलं ते सगळं. वाण्याकडे यादी द्यायची तर कुणी पंचनामा देतं का?

हे एक टोक. दुसरं टोक त्याहून भारी. गेल्या महिन्यात बाहेरून विकत घेतलेली एक लायब्ररी (इतरांच्या अ‍ॅपमध्ये बसणारा तयार कोड) बसवली. डिपेंडन्सीत, म्हणजे तिला काय लागतं त्या यादीत, एकच शब्द: पांडाज (तक्त्यांतला डेटा हाताळणारं पॅकेज). आवृत्ती वगैरे काही नाही, अंदाजपंचे दाहोदरसे. इन्स्टॉल झाली, टेस्ट पास, सगळे खूश. महिनाअखेरीला क्लायंटने 'एक्सेल काढा' बटण दाबलं आणि धाडकन पडलं. 'ओपनपायएक्सएल' नाही म्हणे. एक्सेलची फाइल लिहायला ते लागतं, पण पांडाज ते आपणहून आणत नाही, त्यांच्याकडे ते ऐच्छिक आहे. म्हणजे एक्सेल काढणाऱ्या लायब्ररीनेच ते स्वतः मागायला हवं. फोन केला तर उत्तर काय? 'सर, आमच्याकडे चालतंय.' चालणारच! तुमच्या मशीनवर ते कधीकाळी दुसऱ्याच कामासाठी पडलेलं आहे. कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, जिथे आधीचं काहीच बसवलेलं नाही, एकदा, फक्त एकदा चालवून बघायला काय जातं?

आणि आवृत्तीपुढे 'पेक्षा मोठी किंवा समान' (>=) लिहून हात झटकणारे. 2023 च्या सप्टेंबरअखेर वर्कझ्युगची (वेब अ‍ॅपच्या कोडाला लागणारं पॅकेज) 3.0 आली आणि 'यूआरएल_कोट' नावाचं फंक्शन गेलं. वेब अ‍ॅप बनवायच्या फ्लास्कची 2.2 ते इंपोर्ट करत होती आणि तिची अट होती वर्कझ्युग 2.2 किंवा पुढची कुठलीही. 3.0 ही पुढचीच की! ज्यांनी फ्लास्कची आवृत्ती पक्की केली होती पण वर्कझ्युग मोकळं सोडलं होतं, त्यांचे कालपर्यंत चालणारे अ‍ॅप आज उठेनात. कोडला कुणी हात लावलेला नाही. दोन्ही प्रोजेक्ट एकाच घरचे, तरी ही गत.

हे सांगितलं की लोक घाबरून लायब्ररीतच '==' (नेमकी हीच आवृत्ती) लिहितात. नका रे! एक लायब्ररी म्हणते आकडेमोडीचं नमपाय नेमकं 1.26.4, दुसरी म्हणते 2 च्या पुढचं. 2020 च्या नोव्हेंबरात पिपला नवा रिझॉल्व्हर (कोणत्या आवृत्त्या एकत्र बसतील ते ठरवणारा) आला, तेव्हापासून तो अशा भांडणात सरळ हात वर करतो. बरोबरच करतो. अ‍ॅप लिहिताय तर लॉक फाइल ठेवा, त्यात प्रत्येक पॅकेजची आवृत्ती दशांशापर्यंत पक्की करा. लायब्ररी लिहिताय तर जे थेट इंपोर्ट करता तेवढंच लिहा, सगळं लिहा, आणि ज्या आवृत्त्यांवर खरंच चालवून पाहिलंय ती रेंज द्या. एवढंच मागणं आहे हो. रॉकेट नाही सोडायचं.

नावांचा घोळ तर विचारूच नका. इंपोर्ट करायचं 'सीव्ही2', पिपकडून मागवायचं 'ओपनसीव्ही-पायथन'; चित्रं हाताळणारं पॅकेज एकच. निदान त्यासाठी तरी यादी नीट लिहा, नवीन पोराने कुठून ओळखायचं?

आत्ता पावणेदहा. नऊ ओळी हाताने लिहिल्या, लॉक फाइल वेगळी केली, बिल्ड हिरवा. जेवण गार. ग्रुपवर महाशयांचा अंगठा आलाय. खाली विचारतायत, 'पायगेम का काढलंस?'