वारा वाहील तसा अहवाल

अभिनंदन, भाऊ! काटोलच्या बाजूच्या एखाद्या माळावर पवनचक्क्या येणार आणि त्यांच्या पर्यावरणीय व सामाजिक जोखमीचा अहवाल लिहायचं काम धंतोलीतल्या तुमच्या ऑफिसला मिळालं, असं धरून चालू. नागपूरकडे पंखा लावल्याशिवाय वारा कुठं असतो, असं कोणी विचारेलच. सातारा-धुळ्याच्या मानानं तो कमी आहे खरा, पण मनोरे आता शंभर मीटरच्या वर जातात आणि वर वारा बरा असतो. नसलाच, तर बुडणारे पैसे तुमचे नाहीत.

आधी आनंदाची बातमी. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच. पर्यावरण मंजुरी नको, जनसुनावणीही नको. कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात 660 मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी 29 मे 2023 ला, ऐन नवतपाच्या उन्हात, जनसुनावणी घ्यावी लागली होती. तुमच्यावर ती वेळ नाही. मग अहवाल वाचणार कोण? कर्ज देणाऱ्या बँकेतला एक साहेब, आणि तोही फक्त अनुक्रमणिका. म्हणून अनुक्रमणिकेवर जीव ओता. आतली पानं गुजरातच्या जुन्या अहवालातून घ्या, फक्त ‘समुद्रकिनारा’ शब्द शोधून काढून टाका. मागे कोणाचा तरी राहून गेला होता म्हणतात.

मग जमीन. नकाशावर माळ रिकामा दिसतो, त्याला ‘पडीक’ म्हणा. महसुली कागदात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद दिसली तर चष्मा पुसायला घ्या, कारण 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे असं सांगून टाकलं आणि वन म्हटलं की 1980 चा वनसंवर्धन कायदा आला. गाईंचे कळप घेऊन फिरणारे काठेवाडी तिथं उतरतात, गावातली जनावरंही चरतात. पण काठेवाड्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही आणि मतदार यादीतही नाही, म्हणजे ‘बाधित कुटुंबे: शून्य’ लिहायला काहीच अडचण नाही.

पक्ष्यांची पाहणी मे महिन्यात, दुपारी बारा ते तीन. त्या उन्हात घारसुद्धा सावलीला बसलेली असते, तुम्हीही गाडीत एसी लावून बसा. वटवाघळं रात्री उडतात आणि रात्रीचा भत्ता मंजूर नाही, त्यामुळे ती तुमच्या प्रकल्पक्षेत्रात नाहीत. पात्यांना धडकून मेलेले जीव मोजायचे झाले तर महिन्यातून एकदाच जा. कोल्ही-कुत्री त्याआधीच साफसफाई करून जातात. तारांचं नावच काढू नका. माळढोकाला पात्यांपेक्षा विजेच्या तारांचा धोका मोठा, असलं काही लिहिलंत तर तारा जमिनीखालून न्यायचा खर्च कोण देणार?

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा 2018 चा अभ्यास मात्र जरूर वापरा. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी आढळले आणि खाणारंच कोणी उरलं नाही म्हणून सरडे वाढले. त्या सरड्यांच्या अंगातलं ताणाचं संप्रेरकही कमी भरलं. यातला शिकारी पक्ष्यांचा भाग गाळा. उरतं ते असं: ‘प्रकल्पामुळे स्थानिक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या संख्येत वाढ व मानसिक स्वास्थ्यात सुधारणा.’ बँकेतला साहेब खूश.

आवाज मोजायचं यंत्र हमरस्त्याच्या कडेला ठेवा. संत्र्यांचे ट्रक इतके गर्जतात की उद्या पवनचक्की फिरली काय आणि न फिरली काय, काटा तोच. वस्तीसाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. पण रात्री यंत्राला झोप लागते. पात्यांची फिरती सावली सकाळ-संध्याकाळ घरात शिरते, म्हणून तिचा फोटो भरदुपारी काढा. तेव्हा ती मनोऱ्याच्या पायाशी निमूट पडलेली असते.

गावकऱ्यांशी सल्लामसलत हवीच. कापूसवेचणीच्या दिवसांत, सकाळी अकराला बोलवा. आलूबोंडे आणि चहा ठेवा, हजेरीच्या कोऱ्या कागदावर सह्या घ्या. मथळा ऑफिसात येऊन टाकता येतो: ‘संमतीपत्र’. एखादी आजी मागच्या रांगेतून उठेलच. “हे रात्री बी घरघर करन का जी? आमची सून बाळंतीण हाये.” तिला नमस्कार करा आणि इतिवृत्तात लिहा: ‘महिला सहभाग उत्साहवर्धक. ग्रामस्थांनी तंत्रज्ञानाविषयी कुतूहल व्यक्त केले.’ ज्याच्या शेतात मनोरा त्याला पैसे, ज्याच्या पांदण रस्त्यावरून अवजड ट्रेलर जाऊन काळ्या मातीचा राडा होणार त्याला टोपी आणि दिनदर्शिका. यावरून दोघा भावांत भांडण लागलं, तर ती कौटुंबिक बाब.

एवढं करूनही कोणी खोदून विचारलंच, तर कोराडीकडे बोट दाखवा. जुलै 2022 मध्ये तिथल्या वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राखेचा चिखल नाल्यात-शेतात शिरला होता. त्याच्यापुढे पवनचक्की कितीतरी बरी. हे खोटं नाही, अगदी खरं आहे, आणि म्हणूनच इतकं कामाचं आहे. कोळसा वाईट म्हटलं की झुडपी जंगल, घारी आणि ती आजी, सगळ्यांचे प्रश्न विकासविरोधी ठरतात.

शेवटचं प्रकरण यंत्रं मोडीत काढण्याचं. पवनचक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं. तिची काचतंतूंची पाती भंगारवालाही घेत नाही आणि जमिनीतला सिमेंटचा पाया उपटायला कोणी येत नाही. तिथं एकच ओळ टाका: ‘यथावकाश योग्य ती कार्यवाही केली जाईल.’ तोवर कंपनीचं नाव दोन-चारदा बदललेलं असेल आणि तुम्ही पुण्यात मुलाकडे राहायला गेला असाल. बिल मात्र आजच पाठवा, मार्चएंड आहे.