हिंजवडीचा दौरा

आज दुपारी कँटीनमध्ये आमच्या टीममधल्या एका पोरावर ओरडलो. चारचौघांत. पोरगा गुणी आहे, कामाला वाघ आहे. त्याचा गुन्हा एवढाच की त्यानं मला मोबाईलवर एक एक्सेल शीट दाखवली. पुणे, पिंपरी, तळेगाव, लोणावळा इथली हॉटेलं, त्यांचे डिसेंबरअखेरचे भाव, आणि शेवटच्या रकान्यात 'घरापासून अंतर'. त्याच्या हॉटेल साखळीचं सगळ्यात वरचं स्टेटस मिळायला सहा रात्री कमी पडताहेत. "सर, तुम्ही टॉप टियर केलंय ना? चेक-इन करून झोपायला घरी गेलं तर चालतं का हो?"

खरं उत्तर 'चालतं' असं आहे. मी ते दिलं नाही. मी म्हणालो, "लाज नाही वाटत?" आणि पुढे बरंच काही. त्याच्या ताटातली आमटी गार झाली. संध्याकाळपासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसलोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी. मोठ्या हॉटेल साखळ्यांची सभासद योजना असते. राहिलात की पॉइंट मिळतात, आणि वर्षात ठरावीक रात्री भरल्या की एकेक पायरी वर. मॅरियटचं उदाहरण घेतो, कारण त्यांचे आकडे फिरतीवरच्या लोकांना पाढ्यांसारखे पाठ असतात. १० रात्री सिल्व्हर, २५ गोल्ड, ५० प्लॅटिनम, ७५ टायटेनियम, आणि १०० रात्रींच्या जोडीला वर्षाचा २३,००० डॉलर खर्च झाला की अँबॅसेडर. जन्मभराचं प्लॅटिनम हवं असेल तर ६०० रात्री, शिवाय १० वर्षं ती पायरी टिकवायची. सहाशे रात्री म्हणजे वीस महिने. वीस महिने दुसऱ्याच्या गादीवर! (माझी साखळी वेगळी. नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.) आणि बहुतेक ठिकाणी १ जानेवारीला मोजणी पुन्हा शून्यावर. सापशिडीत निदान साप दिसतो तरी.

बदल्यात काय? नाश्ता, लाउंज (वरच्या पायरीच्या सभासदांची चहा-खाण्याची वेगळी खोली), खोली सोडायला दुपारी चारपर्यंत मुभा, आणि मोठी खोली, 'उपलब्ध असल्यास'. हे दोन शब्द मराठीत इतके निरुपद्रवी वाटतात ना? मी गेली बारा वर्षं हे दोन शब्द ऐकतोय.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत जायचं आणि त्यांच्या गुणवत्तेचं ऑडिट करायचं. साणंद, होसूर, पंतनगर, चेन्नई, गुरुग्राम. महिन्यातल्या आठ-दहा रात्री बाहेर. मी कधी तक्रार केली नाही, पोट त्यावर चालतं. पण तो डिसेंबर आठवला की अजून कानशिलं तापतात.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मला फक्त तीन रात्री कमी होत्या. २८, २९ आणि ३० डिसेंबरला मी हिंजवडीच्या एका हॉटेलात मुक्काम केला. मी राहतो चिंचवडला. घरापासून अकरा किलोमीटर. तीन रात्रींचे करासकट १९,८०० रुपये, स्वतःच्या खिशातून.

बॅग भरताना आईनं विचारलं, "कुठे दौरा?"

"हिंजवडीला."

"हिंजवडीला कसला दौरा? रात्री घरी ये की जेवायला."

मी काहीतरी पुटपुटलो. तिनं फार चौकशी केली नाही, स्टीलच्या डब्यात मेथीची भाजी, दोन भाकरी आणि लसणाची चटणी भरून दिली. पंचतारांकित हॉटेलात मी डबा घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीनं शिकवल्याप्रमाणे हसून विचारलं, "प्रवास कसा झाला सर?" म्हटलं, वाकडच्या पुलावर पाऊण तास अडकलो होतो. तिनं स्क्रीनवरचा पत्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. काही बोलली नाही बिचारी. चावी दिली.

आता कुणीतरी खाली लिहीलच, "अरे, कंपनीच्या पैशानं मिळतंय तर तुझं काय जातं?" त्यावरच बोलायचंय. बिल कंपनी भरते, पॉइंट माणसाला मिळतात. विमान कंपन्यांत अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटनं तेच उचललं, आणि आज चाळीस वर्षांनंतरही जगभर तीच युक्ती चालू आहे. सप्लायरनं आमच्या खरेदी खात्यातल्या माणसाला दिवाळीला काजूकतलीचा खोका दिला, तर ऑडिटमध्ये मी त्यावर शेरा मारतो. स्वतः मारलाय, पेन माझंच. आणि मी मात्र शेजारचं हॉटेल दीड हजारानं स्वस्त आणि कारखान्याला जवळ असताना 'माझ्या' साखळीत उतरायचो. वर ट्रॅव्हल डेस्कला, म्हणजे आमची बुकिंग करणाऱ्या खात्याला, ठणकावून सांगायचो, "तिथली खोली मला मानवते." माझा खोका जरा चकचकीत होता, एवढाच फरक.

त्या ट्रॅव्हल डेस्कशी मी जेवढा भांडलोय तेवढा पगारवाढीसाठी भांडलो असतो तर आज फ्लॅट मोठा असता. एका वर्षी त्यांनी माझ्या नऊ रात्री बाहेरच्या पोर्टलवरून बुक केल्या. बाहेरून बुक केलेली रात्र सहसा धरत नाहीत, थेट साखळीकडूनच घ्यावी लागते. नऊ रात्री मी तिथे झोपलो, घोरलो, सकाळी इडली खाल्ली, पण हिशेबात मी तिथे नव्हतोच! मी तीन पानी मेल लिहिली. वडिलांच्या मेडिक्लेमसाठीसुद्धा मी एवढी मोठी मेल लिहिली नव्हती.

पण राग पैशाचा नाहीच. ज्या गोष्टीचा आहे ती अजून लिहिलेली नाही.

त्या तीन रात्री कमी का पडल्या ते ऐका. भाऊबीजेनंतर दुसऱ्याच दिवशी मला कोइम्बतूरला निघायचं होतं, तीन रात्रींचा दौरा. आदल्या दिवशी समोरच्या कारखान्यानं तो पुढे ढकलला, थेट जानेवारीत. बहीण नाशिकहून आली होती. ती म्हणाली, "बरं झालं रे, मीही दोन दिवस राहते मग, किती वर्षांत निवांत बसलो नाही." आईनं लगेच पुरणाची डाळ भिजत घातली. मी "हो ना, बरं झालं" म्हणालो आणि मोबाईल घेऊन बाल्कनीत गेलो. तीन रात्री कुठून भरून काढायच्या ते बघायला. आतून हसण्याचे आवाज येत होते आणि मी बाहेर चक्क हळहळत होतो. दौरा रद्द झाला म्हणून!

नोकरीला लागलो तेव्हा दौरा रद्द झाला की आम्ही चहा पाजायचो एकमेकांना. कुठल्याशा दूर देशातल्या माणसानं एक तक्ता बनवला आणि माझं मन उलटं करून ठेवलं. मला घरी राहायला मिळालं याचं मला वाईट वाटलं. त्या पोराच्या एक्सेल शीटमध्ये 'घरापासून अंतर' हा रकाना बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली ती ह्यामुळे.

असो. हिंजवडीची दुसरी रात्र.

त्या हॉटेलच्या हॉलमध्ये कुणाचं तरी रिसेप्शन होतं. रात्री दहाला मी लॉबीतून चाललोय, एका हातात चाकांची बॅग, दुसऱ्या हातात डबा, आणि समोरून पैठणी नेसून आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. "अय्या, तू इकडे?" त्यांची नजर बॅगेवर गेली, मग डब्यावर. मी म्हटलं, "काम होतं जरा." २९ डिसेंबर, रात्री दहा वाजता, घरापासून अकरा किलोमीटरवर, बॅग घेऊन काम.

सकाळी सोसायटीभर झालं होतं. हिला भाजीवाल्यापाशी गाठून काकू म्हणाल्या, "भांडणं कुणाच्या घरात होत नाहीत गं? पण घर सोडून जाऊ द्यायचं नाही." हिनं सांगायचा प्रयत्न केला की भांडण नाही हो, पॉइंट्सचं काहीतरी आहे, रात्री भरायच्या असतात. काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे. मला नको सांगूस." मी कपडे बदलायला घरी आलो तर वॉचमननं सलाम करून हळूच विचारलं, "साहेब, सगळं ठीक ना?" एक निवृत्त गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, आमच्या वेळी पण व्हायचं, चहाला या. आजही त्यातले काही जण सणावाराला आम्ही दोघं एकत्र दिसलो की समाधानानं बघतात.

हसा. मीही हसतो आता. त्या दिवशी ही हसली नव्हती. एवढंच म्हणाली, "तीनशे पासष्टातल्या जेमतेम अडीचशे रात्री आमच्या वाट्याला येतात, त्यातल्या तीन विकत देऊन आलास." खरं तर विकत दिल्या असंही नाही. पैसे मीच मोजले होते.

बरं, फायदे झाले नाहीत असं नाही. लिहितो, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. चेन्नईत ताप आला होता तेव्हा दुपारी चारपर्यंत खोलीत पडून राहता आलं, ते स्टेटसमुळेच. नंतर ड्युटी मॅनेजरनं स्वतः रसम-भात पाठवला, तो मात्र स्टेटसमुळे नव्हे, माणूस चांगला होता म्हणून. आणि मोठा सुइट? मिळाला ना, एकदा, साणंदला. रात्री ११.४० ला पोहोचलो, सकाळी सहाला गाडी. आठ माणसांचं जेवणाचं टेबल होतं तिथे. मी त्याच्या एका टोकाला बसून चकली खाल्ली आणि झोपलो. घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला गेलो त्या मे महिन्यात तसा सुइट 'उपलब्ध' नव्हता. कधीच नसतो. सगळी साखळी माझ्या एकट्या रात्रींवर मेहेरबान.

ते पॉइंट वापरून आई-बाबांना दोन रात्री गोव्याला नेलं होतं, हेही मान्य. बाबा त्यानंतर वर्षभरात गेले. लाउंजमध्ये बसून त्यांनी तीन कप चहा प्यायला आणि प्रत्येक वेळी मला विचारलं, "ह्याचे पैसे नाहीत ना रे?" त्या संध्याकाळचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. त्यामुळे ह्या सगळ्याला शिव्या घालताना माझी जीभ थोडी अडखळते. थोडीच.

तिसऱ्या रात्री खोली नवव्या मजल्यावर होती. खिडकीतून हायवेचे दिवे दिसत होते आणि त्यापलीकडे कुठेतरी आमचं घर. डब्यात त्या दिवशी गाजराची कोशिंबीर आणि पोळी होती. आईला एव्हाना सगळं कळलं होतं, तरी डबा दिलाच होता. खाली लाउंजमध्ये फुकटचं जेवण मांडलेलं आणि मी पलंगाच्या कडेला बसून गार पोळी खातोय. नंतर काही दिवसांनी मेल आली: अभिनंदन, आता तुम्ही आमच्या सर्वोच्च श्रेणीत आहात. मी ती कुणालाही फॉरवर्ड केली नाही. पुढच्या वर्षी माझं काम बरंचसं ऑनलाइन झालं, रात्री निम्म्यावर आल्या, आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीअखेर सर्वोच्च श्रेणी गेली. कुणाचा फोन नाही, निरोप नाही. ॲपमधल्या कार्डाचा रंग बदलला फक्त.

ह्या पोरांना सांगून समजत नाही आणि मी सांगतो तेही ओरडून, त्यामुळे कशाला समजेल. शिवाय कँटीनमध्ये तो पोरगा म्हणाला ते खरं आहे, "सर, तुमचं झालंय म्हणून बोलताय." बँकांनीही आता ह्यात उडी घेतली आहे. २०२३ पासून एचडीएफसीचं मॅरियटबरोबरचं कार्ड आहे, त्यावर दर वर्षी १० रात्री नुसत्या खात्यात जमा होतात. न झोपता. म्हणजे माझ्या साखळीचंही तसं कार्ड असतं तर माझ्या त्या तीन रात्री वार्षिक फीत निघाल्या असत्या. हे कळलं तेव्हा मला हसावं की रडावं ते कळेना.

त्या पोराची लग्नानंतरची पहिली दिवाळी होऊन महिना झाला नाही अजून. सहा रात्री.

आत्ता त्याला मेसेज केला. "सॉरी. चालतं. पण चेक-इन स्वतः जाऊन करावं लागतं, न गेल्यास नो-शो धरतात." त्यानं अंगठा पाठवला. मग विचारलं, "सर, बायकोला घेऊन गेलो तर?" म्हटलं, तिलाच विचार.

जाता जाता, हॉटेलातल्या बाटल्यांचं. वर्षानुवर्षं मी हॉटेलातले साबण, शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्या, शॉवर कॅप घरी आणत आलोय. आपल्यापैकी कोण आणत नाही ते हात वर करा. शॉवर कॅप आमच्याकडे फ्रीजमधल्या पातेल्यांवर असतात, आणि बाटल्या आई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटते, दोन दोनच्या जोड्या करून, वर तिळाचा लाडू. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दर वर्षी चंदनाचा साबण लागतो. पण २०१९ पासून मोठ्या साखळ्यांनी प्लास्टिक कमी करायला बाटल्या बंद करायला घेतल्या, भिंतीवर मोठे डबे ठोकले. आईला ते अजिबात पटलेलं नाही.

मघाशी तिनं कपाटातला खोका काढून मोजला. अकरा बाटल्या, चार साबण. यंदा स्टीलच्या वाट्या आणायच्या ठरल्यात.