तीन मिनिटे आणि एक टाच

परवा गोल्फ खेळताना माझा चेंडू हरवला, अशी नोंद झाली आहे. ही नोंद मला अजूनही मान्य नाही; कारण चेंडू हरवला नव्हता, तो एका सद्गृहस्थांच्या टाचेखाली होता.

सुरुवातच वाईट झाली. पहिला फटका मी हवेला मारला आणि चेंडू टीवर, म्हणजे ज्या छोट्या खुंटीवर तो ठेवतात तिच्यावर, जागच्या जागी बसून राहिला. ‘हा सरावाचा,’ असे मी पुटपुटलो, पण त्या दिवशी माझ्या जोडीला आलेले ते वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मारण्याच्या इराद्याने क्लब फिरवला की तो फटकाच. एक." दुसऱ्या फटक्याला चेंडू उजवीकडच्या उंच गवतात शिरला.

शोध सुरू होताच गृहस्थांनी मनगट डोळ्यांसमोर धरले आणि गवताच्या मधोमध ते खांबासारखे उभे राहिले. "2019 पूर्वी पाच मिनिटे मिळत, आता तीनच," हे त्यांनी अशा समाधानाने सांगितले, की जणू ती दोन मिनिटे त्यांच्याच खात्यात जमा झाली होती. खेळ रेंगाळू नये म्हणून हा नियम झाला, हे मला पटते, पण 42.67 मिलिमीटर व्यासाची वस्तू गुडघाभर गवतात शोधण्याची वेळ नियम करणाऱ्यांवर कधी आली होती काय? 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली होती, कारण त्यापायी लोकांचा धनुर्विद्येचा सराव मागे पडत होता. त्या संसदेविषयी मला गवतात रांगतानाच प्रथम आदर वाटला.

"दोन मिनिटे," वरून आवाज आला.

"आपणही जरा पाहता का?"

"पाहतोच आहे," ते घड्याळावरून नजर न हलवता म्हणाले.

"मग निदान थोडे बाजूला तरी सरकाल का?"

"मी हललो तर चेंडूवर पाय पडायचा."

तीन मिनिटे भरली. चेंडू हरवल्याचे त्यांनी जाहीर केले आणि मगच पाय उचलला. खाली मातीत अर्धा रुतलेला चेंडू होता आणि त्यावर मी सकाळीच निळ्या शाईने केलेली खूण स्पष्ट दिसत होती.

"तरीच मघापासून टाचेला काहीतरी टोचत होते," ते म्हणाले. "पण घाबरू नका, शोधताना चुकून पाय पडला तर दंड नसतो."

"कोणाला?"

"मला."

मला मात्र एक दंडाचा फटका आणि पुन्हा सुरुवातीच्या टीपर्यंतची पायपीट. मी पोहोचलो तेव्हा मागचा गट तेथे ताटकळत उभा होता. त्यांपैकी एकाने सौजन्याने विचारले, "पहिलाच फटका का?"

मी उत्तर देण्यापूर्वीच दूर गवतातून, त्याच जागेवरून, हाक ऐकू आली, "चौथा!"